घोटण्याचे चित्रण: एमएमए फायटरच्या सरावावरचा लघुमाहितीपट

मिक्स्ड मार्शल आर्ट्स अर्थात एमएमए या खेळातील एक फेरी ५ मिनिटांची असते. साधा सामना ३ फेऱ्यांचा आणि विजेतेपदाचा ५ फेऱ्यांचा, म्हणजे पिंजऱ्यात प्रत्यक्ष लढण्याचा वेळ फार तर १५ किंवा २५ मिनिटे. त्यापूर्वीचे साधारण ६ ते १० आठवडे फायटर रोज त्याच जिममध्ये, त्याच मॅटवर, तेच फटके आणि त्याच पकडी घोटत असतो. या काळाला ‘कॅम्प’ म्हणतात. सरावावरच्या माहितीपटाचा खरा विषय हे घोटणे आहे. सामना त्याला शेवट पुरवतो, पण चित्रपट उभा राहतो तो आधीच्या आठवड्यांवर.

हा सराव चित्रणासाठी इतका समृद्ध का, याचे कारण खेळाच्या घडणीत आहे. यूएफसी या एमएमए सामने भरवणाऱ्या संस्थेची पहिली स्पर्धा १२ नोव्हेंबर १९९३ रोजी अमेरिकेत डेन्व्हर येथे झाली, तेव्हा प्रत्येक स्पर्धक आपापली एकच विद्या घेऊन उतरला होता. पुढच्या काही वर्षांत एका विद्येवर भागेनासे झाले. आज फायटरला बॉक्सिंग, मुए थाई, कुस्ती आणि ब्राझिलियन जिउ-जित्सू या सगळ्यांचा सराव करावा लागतो. सकाळी पॅडवर फटके, दुपारी ताकदीचा व्यायाम, संध्याकाळी जमिनीवरच्या पकडी असा दिवस जातो. प्रत्येक विद्येची लय, आवाज आणि अंतर वेगळे असते, त्यामुळे एकाच खोलीत कॅमेऱ्याला अनेक प्रकारची दृश्ये मिळतात. कोल्हापूरच्या तालमीत वाढलेल्या प्रेक्षकाला यातला बराच भाग ओळखीचा वाटतो. प्रतिस्पर्ध्याचे पाय धरून त्याला खाली आणण्याच्या ज्या डावाला एमएमएच्या जिममध्ये टेकडाऊन म्हणतात, त्याचे एकेरी पट आणि दुहेरी पट हे प्रकार मातीतल्या पैलवानाच्या रोजच्या वापरातले आहेत.

चित्रणाची पद्धत मात्र माहितीपटाच्या परंपरेतून आली. १९६०च्या सुमारास खांद्यावर पेलता येणारा १६ मिलिमीटरचा कॅमेरा आणि त्याच्याशी जुळवून चालणारा सुटसुटीत ध्वनिमुद्रक हाती आले. रॉबर्ट ड्रू यांच्या चमूने ‘प्रायमरी’ हा निवडणुकीवरचा माहितीपट याच साधनांनी केला. घटना घडवून न आणता, घडत असताना तिच्या मागे जाण्याची ही रीत होती. तेव्हा ४०० फुटांचे एक रीळ सुमारे ११ मिनिटे चाले, म्हणजे जेमतेम दोन फेऱ्या आणि मधली विश्रांती. आजच्या डिजिटल कॅमेऱ्याला ही अडचण नाही. उलट आता चित्रण इतके साचते की काय ठेवायचे हेच मुख्य काम होऊन बसते.

जिममध्ये कॅमेरा कसा वावरावा, याचा उत्तम धडा फ्रेडरिक वाइजमन यांच्या ‘बॉक्सिंग जिम’ (२०१०) या चित्रपटात मिळतो. टेक्सासमधील ऑस्टिनच्या लॉर्ड्स जिममध्ये चित्रित झालेल्या या चित्रपटात निवेदन नाही, मुलाखती नाहीत. दोरीवरच्या उड्या, घंटा, बॅगवरचे ठोके आणि लोकांचे आपसातले बोलणे यांतूनच त्या जागेचे जग उभे राहते. एमएमएवरचा ठळक नमुना म्हणजे जॉन हायम्स यांचा ‘द स्मॅशिंग मशीन’ (२००२). त्यात मार्क केर या फायटरचा सराव दिसतो; वेदनाशामक औषधांचे व्यसन आणि घरातला ताणही दिसतो. मायकेल टकर आणि पेट्रा एपरलाइन यांच्या ‘फाइटव्हिल’मध्ये (२०११) लुइझियाना राज्यातील प्रशिक्षक टिम क्रेडर आणि त्यांच्याकडे शिकणारे डस्टिन पॉरिए व आल्बर्ट स्टेनबॅक हे दोन तरुण आहेत. हे तिन्ही चित्रपट पूर्ण लांबीचे आहेत. लघुमाहितीपटाला, म्हणजे ऑस्करच्या व्याख्येप्रमाणे श्रेयनामावलीसह ४० मिनिटांपर्यंतच्या चित्रपटाला, एवढा विस्तार परवडत नाही. एक फायटर, एक कॅम्प आणि एक प्रश्न एवढ्यावर त्याला थांबावे लागते.

काम सुरू होते ते परवानगीपासून. फायटरचा होकार पुरेसा नसतो. प्रशिक्षक, जिमचा मालक आणि सरावातले जोडीदार या सगळ्यांची लेखी संमती लागते, कारण फायटर एकटा कधीच सराव करत नाही. प्रशिक्षकाशी आणखी एक करार करावा लागतो. प्रतिस्पर्ध्यासाठी आखलेले डाव आणि लपवलेल्या दुखापती चित्रणात येतात, म्हणून त्यातला कोणताही तुकडा सामन्याआधी बाहेर जाता कामा नये. पहिले दोन-तीन दिवस कॅमेरा पिशवीत ठेवून नुसते बसणे फायद्याचे ठरते. कोण कुठल्या कोपऱ्यात गुंडाळपट्ट्या बांधतो, घंटा किती मिनिटांनी वाजते, दमल्यावर फायटर भिंतीकडे तोंड करतो की प्रशिक्षकाकडे, हे आधी कळले की पुढे कॅमेरा योग्य जागी आपोआप पोहोचतो.

चित्रणातला पहिला निर्णय कॅमेऱ्याच्या उंचीचा. उभ्याने फटके चालू असताना छातीच्या उंचीवरचा कॅमेरा चालतो. पकड जमिनीवर गेली की चित्रण करणाऱ्यालाही गुडघ्यावर किंवा पोटावर यावे लागते. वरून पाहिले तर दोन देहांचा नुसता गुंता दिसतो. मॅटच्या पातळीवरून मनगटाची पकड, हनुवटीखाली सरकणारा हात आणि हार मानताना जोडीदाराच्या अंगावर पडणारी थाप स्पष्ट दिसते. दुसरा निर्णय भिंगाचा. रुंद कोनाचे भिंग घेऊन जवळ गेले की प्रेक्षक त्या झोंबाझोंबीत ओढला जातो. दुरून लांब भिंगाने घेतले की थकलेला चेहरा गर्दीतून वेगळा निघतो. आरशांच्या भिंतींमुळे चमूचे प्रतिबिंब चौकटीत येत राहते, म्हणून उभे राहण्याच्या जागा आधीच ठरवाव्या लागतात.

प्रकाशाचेही गणित आहे. भारतात विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असल्याने ट्यूबलाइट आणि साधे एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्याला ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळते. सेकंदाला २५ चौकटी आणि १/५० सेकंदाचा शटर ठेवला की हे लुकलुकणे टळते. संथगतीसाठी १०० चौकटी घ्यायच्या असतील तर १/१०० चा शटर सुरक्षित असतो, आणि ते चित्रण २५ चौकटींच्या वेगाने दाखवले की गती चौपट संथ होते. दमट हवेच्या मुंबईत वातानुकूलित गाडीतून थेट घामेजल्या जिममध्ये नेलेल्या भिंगावर बाष्प धरते. पिशवी न उघडता ती त्या खोलीत काही वेळ राहू देणे हाच त्यावरचा साधा उपाय.

आवाज हा या चित्रपटाचा निम्मा प्राण आहे. स्पारिंगमध्ये, म्हणजे जोडीदाराशी केलेल्या सरावाच्या लढतीत, फायटरच्या अंगावर माइक लावता येत नाही. तो तुटतो किंवा कुणाला लागतो. म्हणून छोटा माइक प्रशिक्षकाच्या गळपट्टीला लावतात. प्रशिक्षकाचे बोलणे आणि त्याला उत्तर म्हणून पडणारे फटके यांतून संवाद तयार होतो. पॅडवरचा फटका अचानक मोठा होतो, त्यामुळे ध्वनीची पातळी खाली ठेवावी लागते. जिममधले चालू गाणे बंद करून घेणे आवश्यक असते, कारण त्याचे हक्क घ्यावे लागतात आणि संकलनात एक तुकडा दुसऱ्याशी जुळत नाही. खोली रिकामी झाल्यावर तिचा नुसता शांत आवाज मिनिटभर मुद्रित करून ठेवतात. सामन्याच्या आदल्या रात्रीच्या दृश्याला तोच उपयोगी पडतो.

इथे एक नियम काटेकोरपणे पाळायला हवा. पॅडवरचा सराव, दोरीवरच्या उड्या, हवेत मारलेले ठोसे पुन्हा करून मागता येतात. स्पारिंग कधीही पुन्हा मागायचे नाही. तिथे दुसरा टेक म्हणजे कुणाच्या तरी डोक्यावर आणखी एक फटका. कॅमेरा पाहून जोडीदार अधिक जोराने मारू लागले, तर कॅमेरा खाली ठेवणे हेच दिग्दर्शकाचे काम.

तीच जबाबदारी वजन उतरवण्याच्या दिवसांत वाढते. लाइटवेट गटाची मर्यादा १५५ पौंड, म्हणजे सुमारे ७०.३ किलो आहे. वजन साधारणपणे सामन्याच्या आदल्या दिवशी मोजतात, म्हणून शेवटच्या काही दिवसांत फायटर शरीरातले पाणी घटवतात: पाणी बंद, मीठ बंद, गरम पाण्याचे स्नान, सौना. ही दृश्ये पडद्यावर फार परिणामकारक दिसतात आणि तितकीच धोक्याची असतात. डिसेंबर २०१५ मध्ये मनिला येथील वन चॅम्पियनशिपच्या स्पर्धेआधी यांग जियान बिंग हा २१ वर्षांचा चिनी फायटर वजन उतरवताना मरण पावला. त्यानंतर त्या संस्थेने पाणी घटवून वजन उतरवण्यावर बंदी घालून शरीरातल्या पाण्याची तपासणी सुरू केली. चमूने हे आधीच ठरवून ठेवावे की फायटरला भोवळ आली, त्याचे बोलणे अडखळले, तर चित्रण थांबेल आणि मदत बोलावली जाईल.

संकलनाच्या टेबलावर आकडे बोलू लागतात. ८ आठवडे, आठवड्यातून दोन दिवस, रोज दोन तास या हिशेबाने ३२ तासांचे चित्रण जमते. त्यातून २० मिनिटांचा चित्रपट करायचा तर प्रत्येक मिनिटासाठी ९६ मिनिटे पाहावी लागतात. निवडीचा सर्वांत भरवशाचा आधार म्हणजे एकच सराव वेगवेगळ्या आठवड्यांत. पहिल्या आठवड्यात पट काढताना अडखळणारा पाय सातव्या आठवड्यात न अडखळता आत शिरतो, आणि ही दोन दृश्ये शेजारी आली की निवेदनाची गरज उरत नाही. प्रशिक्षकाचा आवाज चित्राच्या थोडा आधी सुरू करणे, श्वास पुढच्या दृश्यावर ओघळू देणे, अशा जोडण्यांनी तेच ते दृश्य कंटाळवाणे न होता लय धरते.

शेवट मात्र कुणाच्या हातात नसतो. ‘द स्मॅशिंग मशीन’मधला केर आणि त्याचा मित्र मार्क कोलमन हे दोघे १ मे २००० रोजी टोकियोमध्ये प्राइड ग्रां प्री या एमएमए स्पर्धेच्या अंतिम टप्प्यात उतरले. केर उपांत्यपूर्व फेरीत काझुयुकी फुजिताकडून हरला आणि त्याच रात्री कोलमन विजेता ठरला. ज्याच्या मागे कॅमेरा गेला तो हरला, तरी चित्रपट टिकला, कारण त्याचा पाया निकालावर नव्हता. म्हणून सरावाच्या माहितीपटाची रचना विजय आणि पराभव या दोन्ही शक्यता धरून आधीच करावी लागते. सामन्याचे अधिकृत चित्रण वापरण्याचे हक्क आयोजकांकडे असतात आणि ते महाग पडतात; पुष्कळ लघुपटांत म्हणूनच पिंजऱ्याचे दार बंद होते आणि पुढचे कपडे बदलण्याच्या खोलीतून, कॉर्नरमधल्या प्रशिक्षकाच्या ओरडण्यातून ऐकू येते.

चित्रपट पूर्ण झाल्यावर तो आधी फायटर आणि प्रशिक्षकाला दाखवावा, मग महोत्सवांकडे पाठवावा. १९९० पासून मुंबईत भरणारा आंतरराष्ट्रीय माहितीपट व लघुपट महोत्सव हे अशा कामाचे आपल्याकडचे जुने व्यासपीठ आहे. त्या कामाचे मोल कधीकधी बऱ्याच वर्षांनी कळते. ‘फाइटव्हिल’मधला पॉरिए एप्रिल २०१९ मध्ये यूएफसीचा हंगामी लाइटवेट विजेता झाला, स्टेनबॅक तितका पुढे गेला नाही. त्या चित्रपटात दोघे एकाच मॅटवर, एकाच प्रशिक्षकासमोर, सारखाच घाम गाळताना दिसतात. निकालाच्या नोंदीत अशा दिवसांना जागा नसते. ते जपून ठेवण्यासाठीच सरावाचा माहितीपट असतो.