‘आडवा वारा’ : एका संज्ञेचा अर्थविचार

वाऱ्याला दिशा असते, आडवेपणा नसतो. तो वाहनाच्या मार्गाशी येणाऱ्या संबंधातून उत्पन्न होतो. एकाच नैर्ऋत्य वाऱ्यात ईशान्येकडे जाणाऱ्या गलबताला पाठबळ मिळते, तर वायव्येकडे निघालेल्या गलबताच्या डाव्या कुशीवर तोच वारा आदळतो. ‘नैर्ऋत्य’ हे विशेषण स्थलावर आधारलेले, ‘आडवा’ हे प्रवाशाच्या अपेक्षेने वापरलेले होय.

मीरा-भाईंदरमधील नया नगरात उर्दू-हिंदी बोलणाऱ्यांची मोठी वस्ती आहे. त्या भाषांत श्वासाची आणि शिडाची, दोन्ही ‘हवा’च. मराठीने ‘हवा’ आणि ‘वारा’ यांची फारकत केली, आणि किनाऱ्यावरील भाषेने ‘मतलई’ (भूमीकडून येणारा) व ‘खारा’ (समुद्राकडून येणारा) असे पोटभेदही केले. मात्र ‘आडवा’ या शब्दाला मराठीत विघ्नाची छटा आहे: मांजर आडवे जाते, हितशत्रू आडवा येतो. त्यामुळेच पारिभाषिक लेखनात ‘प्रतिकूल वारा’ असा पर्याय सुचण्याचा संभव असतो. तो स्वीकारता येणार नाही.

कारण शिडाच्या जहाजाला आडवा वारा बहुधा इष्टच असतो. बाकदार शिडावरून वाहताना तो विमानाच्या पंखावरील उचलीसारखाच जोर निर्माण करतो. जहाजाचा बुडालेला भाग बाजूस सरकण्यास विरोध करतो, आणि उरलेला जोर गलबताला पुढे नेतो. पाठीमागून येणाऱ्या वाऱ्याने केवळ ढकलले जाणारे जहाज त्याहून मंद चालू शकते. खरा प्रतिकूल तो समोरचा वारा. त्याला नागमोडी चालीनेच जिंकावे लागते. शिडे गेली आणि उंच भिंतीसारखी मालवाहू जहाजे आली, तेव्हा मात्र अर्थाचे पारडे फिरले. २३ मार्च २०२१ रोजी सुएझ कालव्यात सुमारे ४०० मीटर लांबीचे ‘एव्हर गिव्हन’ रुतले, त्यामागील कारणांत जोरदार वाऱ्याचाही उल्लेख झाला.

विमानाच्या बाबतीत हिशेब उलटा आहे. उतरताना समोरचा वारा हवासा, आडवा नकोसा. २० नॉट वेगाचा वारा धावपट्टीशी ३० अंशांचा कोन करीत असेल, तर त्याचा आडवा घटक १० नॉट. कोन ९० अंश झाला की पूर्ण २०. वैमानिक नाक वाऱ्याकडे वळवून तिरपा येतो (इंग्रजी बोलीत या चालीला खेकड्याचेच नाव आहे, आणि उत्तनच्या कोळ्याला ते समजावून सांगावे लागणार नाही) आणि चाके टेकण्याच्या सुमारास विमान सरळ करतो.

मुंबई विमानतळाच्या धावपट्ट्यांना ०९/२७ आणि १४/३२ हे आकडे आहेत. वाऱ्याचे नाव तो जेथून येतो त्यावरून पडते, धावपट्टीचा आकडा विमान जिकडे तोंड करते त्यावरून. म्हणून २७ क्रमांकावर पश्चिमेकडे तोंड करून उतरणाऱ्या विमानाला ‘पश्चिमेचा’ वारा समोरून भेटतो. १ जुलै २०१९ च्या रात्री एक विमान मुख्य धावपट्टीवरून घसरून ती काही दिवस बंद राहिली आणि भार १४/३२ वर पडला. नकाशावर कोनमापक ठेवून पाहिल्यास दिसेल की ऐन नैर्ऋत्य वारा या पट्टीला जवळजवळ काटकोनात छेदतो. मोसमाच्या भरात मुख्य पट्टी गमावणे म्हणूनच निव्वळ वर्दळीचा प्रश्न ठरत नाही.

तेव्हा ‘आडवा वारा’ ही संज्ञा केवळ कोनवाचक मानावी, आणि गणितासाठी ‘आडवा घटक’ हा शब्द वेगळा राखावा. अनुकूल की प्रतिकूल, हे विशेषण वाहनाचा प्रकार ठरल्यावरच जोडता येईल.