संवर्धित संधिपेशींतील एन्झाइम-क्रिया : मापन आणि अर्थ

संधिवाताभ संधिशोथात सांध्याचे आतील अस्तर, म्हणजेच संधिकला, सुजून जाड होते आणि शेजारच्या कूर्चेवर व अस्थीवर अतिक्रमण करू लागते. कूर्चेचे बळ मुख्यतः कोलॅजेन या तंतुमय प्रथिनावर अवलंबून असते. त्याच्या रेणूतील तीन शृंखला परस्परांत घट्ट पिळलेल्या असल्यामुळे सामान्य प्रथिनविघटक एन्झाइमांची मात्रा त्यावर चालत नाही. मग हा तंतू तुटतो कसा, असा प्रश्न साहजिकच उपस्थित होतो.

या प्रश्नाच्या उत्तराची दिशा १९६२ साली ग्रॉस व लापिएर यांनी दाखविली. रूपांतरणात नाहीशा होणाऱ्या बेडकाच्या भैकेराच्या शेपटीचे ऊतक संवर्धनात ठेवून त्यांनी कोलॅजेनचे विघटन करणारे एन्झाइम सिद्ध केले. १९६७ मध्ये इव्हान्सन, जेफ्री व क्रेन यांना तशाच प्रकारचे एन्झाइम रुग्णांच्या संधिकलेच्या संवर्धनात आढळले. हे कोलॅजिनेज उदासीन माध्यमात कार्य करते आणि रेणूचे एका ठराविक जागी तीन-चतुर्थांश व एक-चतुर्थांश असे दोन खंड पाडते. शरीराच्या तापमानात या खंडांचा पीळ सुटतो व पुढील विघटन इतर एन्झाइमे करतात.

१९७६ साली डायर, क्रेन व त्यांचे सहकारी यांनी संधिकलेतील पेशी सुट्या करून वाढविल्या. पात्राला चिकटून राहणाऱ्या पेशी कोलॅजिनेज व प्रोस्टाग्लँडिन विपुल प्रमाणात निर्माण करतात, असे त्यांना दिसून आले. मात्र कालांतराने ही निर्मिती मंदावे. पुढील वर्षी असे आढळले की, रक्तातील एककेंद्रकी पेशींनी स्रवलेला एक घटक मिसळताच ती पुन्हा अनेक पटींनी वाढते. या घटकाची ओळख पुढे इंटरल्यूकिन-१ या रेणूशी पटली. तात्पर्य, संधिपेशी विध्वंसक बनते ती बव्हंशी शेजारच्या पेशींच्या संदेशामुळे.

अशा मापनात एक धोका संभवतो. पेशींतून कोलॅजिनेज बहुधा निष्क्रिय रूपात बाहेर पडते. शिवाय रक्तरसातील व खुद्द पेशींनी स्रवलेले निरोधक त्यास जखडून ठेवतात. म्हणून ‘क्रिया शून्य’ या नोंदीचे तीन अर्थ होऊ शकतात : एन्झाइम नाही, ते सुप्त आहे किंवा ते बद्ध आहे. यासाठी रक्तरसविरहित माध्यम वापरावे आणि ट्रिप्सिनने सक्रिय करण्यापूर्वीची व नंतरची अशी दोन्ही मापने नोंदवावीत. मात्र बद्ध एन्झाइम ट्रिप्सिनने मुक्त होईलच असे नाही. त्यासाठी त्याची राशी प्रतिपिंडांच्या साहाय्याने स्वतंत्रपणे मोजावी लागते.

हा काटेकोरपणा केवळ प्रयोगशाळेपुरता नाही. १९८९ साली लंडन येथे रुग्णांच्या संधिपेशींच्या संवर्धनात ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टरविरोधी प्रतिपिंड मिसळले असता इंटरल्यूकिन-१ ची निर्मिती घटली. याच निरीक्षणाच्या आधारे पुढे रुग्णांवर नवी उपचारपद्धती योजिली गेली. काचपात्रातील पेशी म्हणजे सांधा नव्हे हे खरे. परंतु तिला नेमका प्रश्न विचारला, तर तिचे उत्तर रुग्णापर्यंत पोहोचू शकते.