विहिरीपर्यंतची तार आणि विजेचा हिशेब

वेरूळची लेणी ज्या बेसॉल्टमध्ये कोरली गेली, त्याच काळ्या कातळात या परिसरातील विहिरी खोदलेल्या आहेत. या खडकात पाणी मुख्यतः भेगांत आणि झिजलेल्या थरांत साठत असल्यामुळे विहिरीची जागा पाणी ठरवते, विजेचा खांब नव्हे. त्यामुळे पंपापर्यंत केबल पुष्कळदा लांबवर ओढावी लागते आणि तिचा हिशेब न केल्यास खांबावर पुरेसा दाब असूनही मोटार नीट चालत नाही.

हा हिशेब तीन राशींवर उभा आहे. विद्युतभाराला पुढे ढकलणारा विद्युतदाब व्होल्टमध्ये, दर सेकंदाला वाहणारा विद्युतभार म्हणजे धारा अँपिअरमध्ये आणि धारेला होणारा अडथळा म्हणजे रोध ओहममध्ये मोजतात. जर्मन शास्त्रज्ञ गेओर्ग ओहम यांनी १८२७ साली प्रसिद्ध केलेल्या नियमानुसार दाबाला धारेने भागले की रोध मिळतो, तर दाब आणि धारा यांचा गुणाकार म्हणजे शक्ती होय, जी वॅटमध्ये मोजतात. पाणी तापवणारा हीटर २३० व्होल्टवर ८.७ अँपिअर धारा घेत असेल, तर त्याचा रोध सुमारे २६.४ ओहम आणि शक्ती २००० वॅट ठरते. दाब १८० व्होल्टवर आला की धाराही ६.८ अँपिअरपर्यंत घटते आणि शक्ती सुमारे १२२५ वॅट उरते. दाब बावीस टक्क्यांनी घटला, तरी उष्णता जवळजवळ चाळीस टक्क्यांनी कमी होते, कारण रोध स्थिर असताना शक्ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते.

केबललाही रोध असतो. २.५ चौरस मिलिमीटर छेदाची तांब्याची तार खांबापासून ३०० मीटरवरच्या विहिरीपर्यंत नेली, तर जाणारी व परतणारी मिळून ६०० मीटर तार होते आणि तिचा रोध सुमारे ४.१ ओहम भरतो. सिंगल फेज पंपाने ८ अँपिअर धारा घेतल्यास तारेतच ३३ व्होल्ट खर्ची पडतात आणि सुमारे २६४ वॅट शक्ती नुसती तार तापवण्यात जाते. तीच तार ६ चौरस मिलिमीटरची असती, तर घट १४ व्होल्टांच्या आसपास राहिली असती.

मोटारीचे वागणे मात्र हीटरहून वेगळे असते. पाणी उपसण्याचा भार तसाच असताना दाब उतरला, की मोटार बहुधा अधिक धारा ओढते आणि वेटोळ्यांतील उष्णता धारेच्या वर्गाने वाढत असल्याने वेटोळ्यांवरील आवरण जळते. शिवाय प्रत्यावर्ती धारेवर मोटारीची खरी शक्ती काढताना दाब आणि धारा यांच्या गुणाकाराला एकाहून लहान असलेल्या शक्तिगुणकानेही गुणावे लागते. दाब भागिले धारा हा भागाकार तिच्या वेटोळ्यांचा रोध सांगत नाही.

तारेच्या बाबतीत मात्र हा भागाकार दोष शोधून देतो. पंप चालू असताना जाणत्या वायरमनकडून खांबाजवळचा आणि पंपाजवळचा दाब मोजून घ्यावा. वरील केबलवर हे आकडे २२५ आणि १८५ आले, तर ४० व्होल्टांची घट ८ अँपिअरने भागून ५ ओहम रोध निघतो. तो अपेक्षेपेक्षा ०.९ ओहम जास्त असल्याने कुठला तरी जोड सैल वा गंजलेला असण्याची दाट शक्यता असते आणि त्या एका जागी सुमारे ५८ वॅट उष्णता सतत निर्माण होत असते. असा जोड वेळीच बदलणे मोटार पुन्हा भरून घेण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडते.