शेषजाती

शेषजाती : अपूर्णांकांवरील शाब्दिक उदाहरणांचा एक प्रकार. मूळ राशीतून प्रथम तिचा एक भाग, मग उरलेल्याचा एक भाग, असे भाग क्रमाने वजा होत जातात. अखेरची बाकी तेवढी दिलेली असते व तीवरून मूळ राशी काढावयाची असते.

भास्कराचार्य (जन्म १११४) यांच्या लीलावती (११५०) या ग्रंथातील उदाहरण प्रसिद्ध आहे. एका यात्रेकरूने जवळच्या द्रव्याचा १/२ भाग प्रयागास, उरलेल्याचा २/९ काशीस, बाकीचा १/४ वाटेतील जकातीपायी आणि त्यानंतरच्या बाकीचा ६/१० गयेस वेचला. ६३ निष्क उरले. दिलेल्या भागांऐवजी उरलेले भाग घ्यावयाचे, ही यातील किल्ली होय. १/२ × ७/९ × ३/४ × ४/१० = ७/६०; म्हणून मूळ द्रव्य ६३ ÷ ७/६० = ५४० निष्क. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने खानदेशातील पाटण (चाळीसगावजवळ) येथे मठ स्थापिल्याचे तेथील शिलालेखावरून कळते.

खानदेशातच नंदुरबार येथे लाल मिरची पथारींवर वाळवून विक्रीस जाते. समजा, एका व्यापाऱ्याने वाळलेल्या मिरचीच्या पोत्यांपैकी १/२ पहिल्या गिऱ्हाइकास, बाकीची १/३ दुसऱ्यास, नंतर उरलेल्याची १/४ तिसऱ्यास व त्यानंतरच्या बाकीची १/५ चौथ्यास दिली आणि १२ पोती उरली. सर्व भाग मूळ राशीचेच समजून बेरीज केल्यास ती ७७/६०, म्हणजे एकाहून अधिक येते. यावरून ही नेहमीची चूक उघड होते. उरलेले भाग मात्र १/२ × २/३ × ३/४ × ४/५ असे आहेत. प्रत्येक अंश मागील छेदाशी कटून केवळ १/५ राहतो; म्हणून मूळ पोती १२ × ५ = ६०. हीच मांडणी १/न पर्यंत चालविल्यास बाकी नेहमी मूळ राशीच्या १/न एवढीच राहते.

गुणाकारात क्रम बदलला तरी फल बदलत नाही. त्यामुळे १/५, १/४, १/३, १/२ या उलट क्रमानेही १२ पोतीच उरतात. वाटे मात्र बदलतात. पहिल्या क्रमाने गिऱ्हाइकांना अनुक्रमे ३०, १०, ५ व ३ पोती मिळतात. हे मूळ राशीचे १/२, १/६, १/१२ व १/२० भाग असून त्यांचे छेद १ × २, २ × ३, ३ × ४, ४ × ५ असे वाढतात. उलट क्रमाने प्रत्येकास १२ पोती मिळतात. कारण पाच सम वाट्यांतील एक उचलल्यावर चार उरतात व त्यांचा १/४ म्हणजे पुन्हा एकच वाटा. यास्तव केवळ बाकी जुळली म्हणून वाटणी न्याय्य झाली असे ठरत नाही. कोणता भाग केव्हा घेतला, हेही पाहावे लागते.