पंचाची शिट्टी आणि खिलाडूवृत्ती

बास्केटबॉलचा पंच म्हटला की डोळ्यांसमोर शिट्टी येते. खेळाडूने नियम मोडावा, पंचाने शिट्टी वाजवून शिक्षा द्यावी, एवढेच त्याचे काम, अशी बहुतेकांची समजूत असते. गेल्या वर्षी तालुक्यातील शालेय सामन्यांत हाती शिट्टी येईपर्यंत माझीही तीच होती.

चौदा वर्षांखालील मुलांचा सामना होता. एका संघातील दणकट मुलगा मूळचा कबड्डीचा. समोरचा मुलगा ड्रिबल करीत येताच ह्याने त्याला दोन्ही हातांनी कमरेत धरले. पकड इतकी पक्की, की कबड्डीच्या मैदानावर टाळ्या पडल्या असत्या! मी फाऊल दिला. थोड्या वेळाने पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी त्याने चिडून चेंडू लाथाडला, तेव्हा मी टेक्निकल फाऊल दिला आणि नियम पाळल्याच्या समाधानात राहिलो. सामना संपल्यावर तो जवळ येऊन म्हणाला, "सर, धरलं तर काय चुकलं?" (मला कोणी सर म्हणण्याची ती पहिलीच वेळ.) त्याला खरोखरच ठाऊक नव्हते, आणि इतक्या शिट्ट्या वाजवूनही मी ते सांगितले नव्हते.

आपल्या मुळशीत हा प्रश्न वारंवार येणारच. येथील पोरे तालमीत आणि कबड्डीच्या मैदानावर वाढतात. तेथे अंगाला अंग भिडणे हाच खेळ. बास्केटबॉल मात्र धसमुसळेपणा टाळूनच घडवला गेला. १८९१ साली अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने हिवाळ्यात छपराखाली खेळण्यासाठी तो तयार केला. चेंडू घेऊन धावायचे नाही, म्हणजे धावणाऱ्याला पाडण्याचे कारणच उरत नाही. टोपली उंच टांगायची, म्हणजे चेंडू नुसत्या जोरावर जात नाही, अलगद टाकावा लागतो. त्याच्या मूळच्या १३ नियमांत खांदा मारणे, धरणे, ढकलणे यांस मनाई होती. दुसऱ्यांदा तसे करणाऱ्यास पुढचा गोल होईपर्यंत बाहेर बसावे लागे. पंचही दोन: एकाने चेंडू पाहायचा, दुसऱ्याने माणसे. खेळाडूंच्या वागण्यावर नजर ठेवणे हे काम अशा रीतीने पहिल्यापासूनच नेमून दिलेले आहे.

फाऊल दिल्यावर पंच खेळाडूचा क्रमांक व चुकीचा प्रकार हातांच्या खुणांनी गुणलेखकाच्या टेबलाला कळवतो. मुलाला मात्र पंचाची पाठच दिसते. म्हणून टेबलाकडे वळण्यापूर्वी "हात नको, पाय हलवून अडव" एवढे त्याच्याकडे पाहून बोलावे. दोन सेकंदही लागत नाहीत.

सुरुवातीची पाच मिनिटे फार मोलाची. तेव्हा ढकलाढकलीकडे डोळेझाक केली, तर मुले आपापसांत हिशेब चुकते करू लागतात. यजमान शाळेला एक माप आणि पाहुण्यांना दुसरे, हे तर मुलांना पंचाच्याही आधी कळते.

चेंडू थांबलेला असताना कर्णधाराने पंचाला सभ्यपणे विचारणा करावी, याला नियमांत मुभा आहे. ती दोन्ही कर्णधारांना आधीच सांगितली, तर पाचजण घेराव घालण्याऐवजी एकजण विचारतो. चेंडू कोणाचा हे सांगताना चूक झाली व लगेच ध्यानात आली, तर निर्णय फिरवावा. मुले त्याला हसत नाहीत. आणि एखादा मुलगा आपण होऊन "सर, चेंडू माझ्याच हाताला लागला" म्हणाला, तर "शाब्बास" दोन्ही संघांना ऐकू जाईल इतके मोठ्याने म्हणावे.

मैदानाबाहेरचा आरडाओरडा ही वेगळी डोकेदुखी. वरच्या स्पर्धांत चमकणाऱ्यांना दहावी-बारावीला क्रीडागुणांची सवलत आहे, शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के जागा राखीव आहेत; पालकांचा जीव टांगणीला लागतो तो उगीच नव्हे. त्यांच्याशी वाद घालू नये. संघाच्या शिक्षकांना जवळ बोलावून हळू आवाजात सांगावे.

गुणपत्रकावर मुख्य पंचाची सही झाली की पंचांचा सामन्याशी संबंध संपतो. मी मात्र हल्ली सही करण्यापूर्वी, मुले एकमेकांशी हात मिळवीत असताना, सर्वांत जास्त फाऊल झालेल्या मुलाजवळ जाऊन उभा राहतो. बहुधा तोच काहीतरी विचारतो.