केळ्याचा वास कुणाला शोभतो

बिअरच्या स्पर्धेत परीक्षकासमोर ग्लासाबरोबर एक कागदही येतो. एकूण गुण ५०. वासाला १२, दिसण्याला ३, चवीला २०, तोंडात ती जड लागते की पातळ, गुळगुळीत की झणझणीत, याला ५ आणि उरलेले १० एकूण परिणामाला. अमेरिकेत १९८५ साली सुरू झालेल्या 'बिअर जज सर्टिफिकेशन प्रोग्राम'चा हा तक्ता. पिताना मजा आली की नाही, हे लिहायला त्या शेवटच्या १० गुणांत जागा आहे. बाकीच्या ४० गुणांचा प्रश्न वेगळा असतो: ही बिअर स्वतःला ज्या प्रकारची म्हणवते, त्या प्रकाराला ती जागते का? म्हणून एखादी झकास बिअर चुकीच्या गटात पाठवली की सपशेल आपटते, आणि त्यात परीक्षकाची काही चूक नसते. (दिसण्याला फक्त ३ गुण, हे वाचून फोटो काढल्याशिवाय ग्लासाला हात न लावणाऱ्यांना थोडं वाईट वाटेल.)

आपल्याकडे बिअरच्या कसोट्या दोनच चालत आल्या. गार आहे ना? आणि चढते ना? देशात खपणाऱ्या बिअरमध्ये मोठा वाटा 'स्ट्राँग'चा, म्हणजे ५ ते ८ टक्के अल्कोहोलवालीचा. तिच्या चवीबद्दल फारसं कुणी बोलत नाही. बोलणं होतं ते फ्रीजबद्दल. २००९ साली पुण्यात डूलाली हा ब्रूपब, म्हणजे स्वतःची बिअर बनवणारा पब, सुरू झाला, पुढे पुण्या-मुंबईत ब्रूपब वाढत गेले आणि टेबलावर पिवळी, धुरकट, तांबूस, काळी अशा चार छोट्या ग्लासांचा ट्रे येऊ लागला. तरी वेटरला विचारला जाणारा प्रश्न जुनाच राहिला: "यातली चांगली कुठली?" हापूसच्या मापानं रायवळ आंबा मोजावा, तसा हा प्रश्न आहे. रायवळ चोखून खायचा. त्याच्या फोडी नीट पडत नाहीत म्हणून त्याला नापास करण्यात अर्थ नाही.

ट्रेमधली धुरकट पिवळी बहुधा हेफेवायझन असते. ही बव्हेरियातली गव्हाची बिअर. धान्यात निदान निम्मा गहू, उरलेलं बार्लीचं माल्ट, म्हणजे भिजवून, मोड आणून वाळवलेली बार्ली. ग्लास नाकाशी नेला की पिकल्या केळ्याचा वास येतो आणि त्याच्या मागून लवंगेचा. आत केळंही घातलेलं नसतं आणि लवंगही नसते. दोन्ही करणी यीस्टची. केळ्याचा वास आयसोअमाइल ॲसिटेटचा, आणि खऱ्या केळ्यातही तेच द्रव्य असतं. लवंगेच्या वासाचं नाव ४-व्हिनाइल ग्वायाकॉल. त्याची तयारी यीस्ट पडण्याआधीच सुरू होते. भरडलेलं धान्य गरम पाण्यात मुरवताना ब्रूअर ४५ अंशांच्या आसपास थोडा वेळ थांबतो, धान्यातलं फेरुलिक ॲसिड सुटं होतं आणि पुढे या जातीचं यीस्ट त्याचा लवंगी वास करून टाकतं. आंबताना टाकी जास्त उबदार राहिली तर सहसा केळं वरचढ होतं. चांगल्या हेफेवायझनमध्ये दोन्ही वास एकमेकांना धरून असतात. लवंग हरवली की ती केळ्याच्या मिल्कशेककडे झुकते. आपल्याकडे ती पुष्कळदा तशीच मिळते, कारण गिऱ्हाइकाला गोडसर चालतं आणि लवंग म्हटली की दंतमंजन आठवतं.

आता हाच केळ्याचा वास शेजारच्या ग्लासातल्या लागरमध्ये, म्हणजे थंडीत सावकाश आंबवलेल्या बिअरमध्ये, ठळक आला, तर तो दोष. बहुतेक वेळा टाकी हवी तेवढी थंड ठेवलेली नसते. लवंगेचा वास साध्या पेल एलमध्ये, म्हणजे उबेत आंबवलेल्या फिकट बिअरमध्ये, आला, तर पाइपात नाही तर टाकीत रानटी यीस्टनं घर केलंय असं समजावं. पिल्सनर आंबूस लागली तर जंतू शिरलेत. जर्मनीतली गोझ मुळातच आंबूस; ती आंबूस नसली तर पैसे परत मागावेत. म्हणजे नुसता वास ओळखून भागत नाही. तो कुणाच्या घरात आलाय, हेही पाहावं लागतं.

पिल्सनर ही परीक्षकांची लाडकी आणि ब्रूअरची परीक्षा पाहणारी. बोहेमियातल्या प्लझेनच्या गावकऱ्यांना वाईट बिअरचा वैताग आला, त्यांनी स्वतःची ब्रुअरी काढली आणि बव्हेरियाहून योझेफ ग्रोल नावाचा ब्रूअर आणला. १८४२ साली त्यानं फिकट माल्ट, साट्स जातीचे हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं), गावचं मऊ पाणी आणि थंडीत सावकाश काम करणारं लागर यीस्ट यांतून सोनेरी, लख्ख बिअर काढली. आज जगात खपणाऱ्या बहुतेक पिवळ्या बिअर तिच्याच वंशातल्या, म्हणजे आपली ती फ्रीजमधली बाटलीसुद्धा, जरी वंश ओळखू येऊ नये इतका पातळ झालेला असला तरी. पिल्सनरमध्ये चुका झाकायला काही नसतं. ना भाजक्या माल्टचा खमंगपणा, ना फळांचा वास. उकळ कमी पडली तर उकडलेल्या मक्याचा किंवा कोबीचा वास राहतो. यीस्टला शेवटची साफसफाई करायला वेळ दिला नाही तर डायअसेटिल उरतं आणि बिअरला पॉपकॉर्नवरच्या लोण्याचा वास येतो. गंमत म्हणजे चेक पिल्सनरमध्ये या लोण्याची पुसटशी झाक परीक्षक चालवून घेतात, जर्मन पिल्सनरमध्ये नाही. सीमा ओलांडली की नियम बदलला.

हे सगळं नाकाला कळायचं तर आधी बिअरचा गारठा थोडा उतरू द्यावा लागतो. बर्फगार बिअरचा वास उठत नाही आणि जीभही बधिर होते. ज्या बिअरला दाखवण्यासारखं फारसं नाही, तिची जाहिरात थंडपणावर चालते ती उगाच नाही. लागर ५ ते ७ अंशांना, एल ८ ते १२ अंशांना, असा ढोबळ हिशेब. ग्लासही पाहावा. बिअर ओतल्यावर आतल्या काचेला बुडबुडे चिकटून राहिले, तर तिथे तेलाचा किंवा साबणाचा थर आहे आणि फेस लवकर बसणार. मग ओतल्या ओतल्या आधी वास घ्यावा, कारण काही वास मिनिटाभरात उडून जातात. रंग कुठे पळून जात नाही. वाइनचे परीक्षक घोट थुंकतात, बिअरचे गिळतात. घोट गिळल्यावर घशाकडून नाकात चढणारा वास आणि मागे रेंगाळणारी कडू चव यांवर बरंच ठरतं. जिभेच्या मागच्याच भागाला कडू कळतं, हा शाळेतला नकाशा चुकीचा ठरून बराच काळ लोटला. कडू सगळ्या जिभेला कळतं. चार ग्लासांत क्रम हलकीकडून कडूकडे ठेवावा. मधे पाणी आणि साधा पाव. मसाला पापड आणि चखना नंतर.

कडवटपणाचं मापही मेनूवर छापलेलं असतं, आयबीयू. लिटरला साधारण १ मिलिग्रॅम आयसो-अल्फा ॲसिड म्हणजे १ आयबीयू. ही ॲसिडं हॉप्सच्या फुलातून येतात. हॉप्स ही भांगेच्या कुळातली वेल, पण नशा तिच्यात नसते. हा आकडा पाहून घाबरण्यात फारसा अर्थ नाही. ४० आयबीयूची काळी स्टाउट मऊ लागते, कारण माल्टचा गोडवा कडूला सांभाळून घेतो. तेवढ्याच आकड्याची कोरडी पिल्सनर चावते.

कडूचा विषय निघाला की आयपीए येते, आणि तिची गोष्ट सांगणाऱ्यांत एकाला तरी हुरूप चढतो: इंग्रजांना भारतात बिअर हवी होती, ती वाटेत खराब होई, मग कुणीतरी हॉप्स वाढवून इंडिया पेल एलचा शोध लावला. गोष्ट छान, पण पुराव्याला टिकत नाही. जास्त हॉप्सची, साठवून ठेवायची बिअर इंग्लंडात आधीपासून होती. लंडनच्या बो भागात जॉर्ज हॉजसनची ब्रुअरी होती. ईस्ट इंडिया कंपनीच्या गोदीपासून जवळ, आणि जहाजांच्या कप्तानांना लांब मुदतीची उधारी देणारी. यामुळे तिची पिंपं भारतात आली. विषुववृत्त दोनदा ओलांडणाऱ्या महिनोन् महिन्यांच्या प्रवासात बिअर उलट मुरून सुधारली. पुढे हॉजसनच्या वारसांनी कप्तानांना डावलून सगळा नफा आपल्याकडे ओढायचं ठरवलं, तेव्हा कंपनीच्या माणसांनी बर्टन गावच्या ऑलसॉपला पुढे केलं. बर्टनच्या पाण्यात जिप्सम भरपूर, आणि त्यात हॉप्सचा कडवटपणा धारदार, स्वच्छ लागतो. बर्टनची बिअर सरस ठरली. आणि मुंबई-मद्रासच्या छावण्यांतला साधा गोरा शिपाई? तो मुख्यतः काळी पोर्टर पीत होता. पेल एल ही साहेबांची.

आज ब्रूपबमध्ये मिळणारी आयपीए मात्र बर्टनची नसते, कॅलिफोर्नियाची असते. अमेरिकन कृषी खात्यानं १९७२ साली कॅस्केड जातीचे हॉप्स बाजारात आणले, १९८० मध्ये सुरू झालेल्या सिएरा नेव्हाडानं ते सढळ हातानं वापरले आणि कडूबरोबर पपनसाच्या सालीचा वास आला. पुढच्या हॉप्सनी पल्ला वाढवला; सिट्रा जातीला चक्क आंब्या-लिचीचा वास असतो. मग व्हरमाँटमध्ये काहींनी बिअर गाळणं सोडलं, ओट्स घातले, आणि संत्र्याच्या रसासारखी गढूळ आयपीए विकू लागले. जुन्या नियमानं आयपीएत एवढा गढूळपणा म्हणजे दोष. लोक रांगा लावू लागले, तेव्हा परीक्षकांनी त्याला नवा प्रकार म्हणून यादीत घेतलं. ही प्रकारांची यादीसुद्धा काही पुराणकाळातली नव्हे. इंग्लिश लेखक मायकेल जॅक्सन (गाणारा नव्हे) यानं १९७७ साली 'द वर्ल्ड गाइड टू बिअर' लिहिलं आणि जगभरच्या बिअर गटागटांनी मांडल्या. आजची वर्गवारी बरीचशी त्याच्यावर उभी आहे. पुरेशा लोकांनी नियम मोडला की परीक्षक नवा कागद छापतात.

आपल्या जिभेला खरी जवळची वाटावी अशी बिअर जर्मनीतली गोझ. गोस्लारची, नंतर लाइपझिगची: गव्हाची, आंबूस, त्यात मीठ आणि धणे. मठ्ठा पिऊन वाढलेल्या माणसाला हे विचित्र का वाटावं? पुण्याच्या ग्रेट स्टेट एलवर्क्सनं मीठ-कोकम घालून एल केली, ती याच वाटेवरची. बेल्जियमच्या विटबिअरमध्येही धणे आणि संत्र्याची साल असते. तो प्रकार जवळजवळ मेलेला होता. हूगार्डनच्या पिएर सेलिसनं १९६६ साली तो पुन्हा उभा केला. आंबा घातलेल्या मोसमी बिअरबद्दल माझं मत जरा कडक आहे. आंब्यातली साखर यीस्ट खाऊन टाकतं, म्हणून प्रामाणिक आंबा-बिअर कोरडी लागते आणि सालीजवळचा वास तेवढा मागे राहतो. जी गोडगोड लागते तिच्यात बहुधा नंतर पल्प किंवा सिरप ओतलेलं असतं. ती लोकांना आवडते, आवडो. पण १२ गुण वासाचे असतील तर त्यातले बरेचसे बाटलीबंद रसाला जातील.

स्टाउटबद्दल एवढंच: काळी म्हणजे जड आणि चढणारी, हा गैरसमज. काळा रंग थोड्याशा करपवलेल्या बार्लीतून येतो आणि आयरिश ड्राय स्टाउटमध्ये अल्कोहोल बऱ्याचदा ४ टक्क्यांच्या आसपासच असतं, म्हणजे आपल्या ८ टक्केवाल्या 'स्ट्राँग'च्या निम्म्यावर.

दोष ओळखायला शिकायचा सर्वांत स्वस्त धडा उन्हात आहे. हॉप्सची चांगली कडू बिअर कॅनमधून किंवा तपकिरी बाटलीतून दोन ग्लासांत ओतावी. एक फॉइलनं पूर्ण झाकून सावलीत ठेवावा, दुसरा भर दुपारच्या उन्हात दहा-पंधरा मिनिटं. मग दोन्हींचा वास घ्यावा. उन्हातल्या ग्लासाला जळक्या रबरासारखा उग्र दर्प येतो. प्रकाशानं हॉप्सची कडू द्रव्यं तुटतात, गंधकाशी जुळतात आणि या दर्पाचं संयुग तयार होतं. तपकिरी काच ते बरंचसं थोपवते, हिरवी आणि पारदर्शक थोपवत नाही. युरोपातून हिरव्या बाटलीत येणाऱ्या लागरचा तो 'परदेशी' वास कित्येकांना तिची खासियत वाटतो. तो दुकानातल्या ट्यूबलाइटनं लावलेला असतो. प्रयोगासाठी पारदर्शक बाटलीतली बिअर घेतली आणि उन्हात ठेवूनही दर्प आला नाही, तर ऊन कमी पडलं असं समजू नये. अशा बाटल्यांतून विकणाऱ्या काही कंपन्या हॉप्सचा असा अर्क वापरतात, ज्यातली द्रव्यं आधीच बदलून प्रकाशाला न जुमानणारी केलेली असतात.