चौरस आहाराचा धडा ताटातच शिकवा

शाळा सुरू होऊन महिना-दीड महिना झाला की दवाखान्यात ठरावीक तक्रारी येऊ लागतात. "डॉक्टर, पोरगं वर्गात पेंगतं." "जेवायचं नावच काढत नाही." "अभ्यासात लक्ष नाही, एखादं टॉनिक लिहून द्या." मुलाच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहावी, तर जिथे लाली हवी तिथे पांढुरकेपणा दिसतो. पाच ते अकरा वर्षांच्या मुलाचे हिमोग्लोबिन ११.५ ग्रॅमपेक्षा कमी असेल तर त्याला रक्तक्षय म्हणतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या सुमारे ६९ टक्के बालकांमध्ये तो आढळला. हीच बालके पुढे पहिलीच्या वर्गात येऊन बसतात. अशा मुलाला लवकर थकवा येतो, त्याचे चित्त लागत नाही, आणि मोठी माणसे त्याला आळशी ठरवून मोकळी होतात.

आहाराचा पाठ शाळेत शिकवला जात नाही असे मुळीच नाही. प्रथिने, पिष्टमय पदार्थ, स्निग्ध पदार्थ, जीवनसत्त्वे व क्षार ही यादी तिसरी-चौथीची मुले घडाघडा म्हणतात. एका शाळेत मी विचारले, "अ जीवनसत्त्व कशात असते?" सगळा वर्ग ओरडला, "गाजरात!" मग विचारले, "आज सकाळी काय खाऊन आलात?" आवाज एकदम खाली आला. बहुतेकांचे उत्तर एकच होते, चहा आणि बिस्किटे. काहींचा चहा आणि बटर. शाळेच्या कुंपणाला शेवगा उभा होता. त्याच्या पाल्यात अ जीवनसत्त्व, लोह आणि चुना भरपूर असतो, हे मात्र एकालाही ठाऊक नव्हते. पुस्तकातल्या गाजराशी मुलांची ओळख झाली होती, दारातल्या शेवग्याशी झाली नव्हती.

माझे म्हणणे एवढेच, की सात-आठ वर्षांच्या मुलाला आहार शिकवायचा तर तो त्याच्या ताटापासून शिकवावा. तक्ता नंतर.

त्यासाठी शाळेत सोय आयतीच आहे. १५ ऑगस्ट १९९५ रोजी देशात मध्यान्ह भोजनाची योजना सुरू झाली. सुरुवातीची काही वर्षे दरमहा तीन किलो तांदूळ घरी नेण्यासाठी मिळत असे. सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ च्या आदेशानंतर शिजवलेले अन्न देणे भाग पडले. पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ किंवा कडधान्य, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल असे प्रमाण आहे. गुरुजींनी एक दिवस तराजू वर्गात आणावा आणि हे सारे मुलांकडूनच तोलून घ्यावे. वीस ग्रॅम डाळ म्हणजे जेमतेम त्यांची एक मूठ. गणिताचा तास त्यात आपोआप होतो. भातात डाळ का घालायची, हेही तिथेच सांगता येते: धान्याच्या प्रथिनात जे कमी पडते ते डाळ भरून काढते, आणि डाळीतले उणे धान्य भरून काढते. भाकरीबरोबर मटकीची उसळ खाण्यात हेच शास्त्र आहे.

पण या जेवणातून साधारण ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळतात. सात ते नऊ वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे १७०० कॅलरी आणि २३ ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे उरलेले घरूनच यायला हवे, आणि खरी अडचण तिथेच आहे.

आपला भाग दुधाचा. पहाटे धार काढली की किटली भरून डेअरीवर जाते आणि घरात उरते ते चहापुरते. त्या पैशावर घर चालते, तेव्हा आईबापाला बोल लावण्यात अर्थ नाही. तरीही शाळकरी मुलाच्या नावाने रोज एक कप दूध काढून ठेवावे, असा माझा आग्रह असतो. एमआयडीसीमुळे सुपा परिसरात भाड्याच्या खोल्यांत राहणारी कुटुंबेही वाढली आहेत. आईबाप पाळीवर जातात, मुलाच्या हातावर पाच रुपये ठेवले जातात आणि त्यांची कुरकुऱ्यांची पुडी येते. पुडीत मीठ, तेल आणि मैदा-मक्याचे पीठ. पोट भरल्यासारखे वाटते आणि दुपारची भूक मरते. "जेवत नाही" या तक्रारीचे मूळ पुष्कळदा त्या पुडीत आणि सकाळच्या गोड चहात सापडते.

चहाचा आणखी एक दोष आहे. त्यातले टॅनिन अन्नातील लोह शरीरात शोषू देत नाही. बाजरीत १०० ग्रॅमला सुमारे सहा मिलिग्रॅम लोह असते, पण भाकरी चहात बुडवून खाल्ली तर त्यातले फार थोडे पदरी पडते. तीच भाकरी पालेभाजीबरोबर, वर लिंबू पिळून खाल्ली तर क जीवनसत्त्वामुळे लोह अधिक शोषले जाते. जेवण आणि चहा यांत तासाभराचे अंतर हवे. लहान मुलांना चहा नसलेलाच बरा. (गुळाचा लोहासाठी फार बोलबाला आहे. शेंगदाण्याच्या लाडवात तो जरूर घाला, पण लाडवाचे मोल शेंगदाण्यामुळे आहे. गूळ अखेर साखरेचाच भाऊ.)

मुलांना डब्यात भाकरी नेण्याची लाज वाटते, हे आणखी एक दुखणे. १९७२ च्या दुष्काळात दुष्काळी कामांवर सुकडी आणि परदेशी लाल मिलो खाऊन दिवस काढलेल्या पिढीला गव्हाची पोळी म्हणजे सुबत्ता वाटली, यात नवल नाही. पण भाकरी गरिबाची हा समज नातवंडांपर्यंत उतरला. भारताच्या पुढाकाराने संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्य वर्ष म्हणून पाळले, शहरात बाजरीची बिस्किटे महाग विकली जाऊ लागली, आणि पारनेर तालुक्यातला मुलगा बाजरीची भाकरी दप्तरात लपवतो! यावर भाषणाने काही होत नाही. बाईंनी स्वतःच्या डब्यात भाकरी, ठेचा न आणता शेंगदाण्याची चटणी आणि उसळ आणावी व मुलांच्या पंगतीत बसावे. मुले बघून शिकतात.

शाळेला थोडी जागा व पाणी असेल तर परसबाग करावी. आपल्याच जिल्ह्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी वाल-घेवड्यासारख्या भाज्यांचे गावरान बियाणे जपले आणि २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली, ही गोष्ट मुलांना वाफे करतानाच सांगावी. स्वतः लावलेली मेथी मूल नाक मुरडून खात नाही, असा अनुभव आहे.

मूल आधीच फिकट असेल तर मात्र आहाराबरोबर औषध लागते. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची गोळी आणि ठरलेल्या दिवशी मिळणारी जंताची गोळी चुकवू नये. लोहाची गोळी जेवणानंतर घ्यावी; उपाशीपोटी घेतल्यास मळमळते. तिने शौचाचा रंग काळपट होतो. हे गुरुजींनी मुलांना आणि पालकांना आधीच सांगून ठेवावे, म्हणजे घाबरून कोणी गोळी बंद करणार नाही.